डिझेल आहे, पण पोचतंय का?



हैदराबादेत राहणाऱ्यांना कॅराव्हॅन हा शब्द नवा नाही. तेलुगू सिनेमावाले नटनट्यांच्या व्हॅनिटी व्हॅनला कॅराव्हॅनच म्हणतात. शूटिंग असलं की त्या लांबलचक गाड्या रस्त्याकडेला ओळीनं उभ्या दिसतात. आता मात्र घरच्या माणसांना घेऊन फिरायलाही तशा गाड्या भाड्यानं मिळतात. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी आणलं. गुडघे धरलेले आजी-आजोबा, अंगावर पिणारं बाळ, पथ्याचं खाणारं कुणी असं सगळं लटांबर घेऊन तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर करायचं तर झोपायला बिछाना आणि हाताशी स्वच्छ संडास असलेली गाडी ही चैन राहत नाही, सोय होते.

पण या सोयीच्या पोटात एक डिझेल जनरेटर बसलेला असतो. गाडी उभी असताना एसी, फ्रिज, मायक्रोवेव्ह सगळं त्याच्या जिवावर चालतं. तो बंद पडला की चालतंबोलतं घर दहा मिनिटांत पत्र्याची पेटी होतं. आणि तो बंद पडण्यामागे फार वेळा इंजिनाचा दोष नसतोच. त्याच्यापर्यंत डिझेल पोचत नसतं. या महिन्याचं सदर त्याबद्दल. "आम्ही कुठे कॅराव्हॅननं फिरतो?" असं म्हणून पान उलटू नका. तुमच्या अपार्टमेंटच्या सेलरमध्येही असाच एक जनरेटर आहे, त्याच्याकडेही येऊ.

डिझेलचा रस्ता

आधी रस्ता समजून घेऊ. टाकीच्या आत वरून एक उभी नळी सोडलेली असते, ती डिझेल उचलते. तिथून रबरी पाइप, मग पाणी वेगळं करणारी छोटी वाटी, मग डिझेल ओढणारा पंप, मग फिल्टर, मग इंजेक्शन पंप आणि शेवटी इंजेक्टर. वाटेत एक विजेवर उघडणारा झडपेचा दरवाजा असतो, किल्ली बंद केली की तो मिटतो. उरलेलं डिझेल दुसऱ्या नळीनं परत टाकीत जातं. एवढाच संसार.

आपल्या गावाकडच्यांना यातलं काही नवीन नाही. पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना 1946 ची. विहिरीवर वीज पोचायच्या आधी किती तरी शेतांत हँडल मारून सुरू करायचं डिझेल इंजिन असायचं, आणि "इंजिनानं हवा घेतली" हे वाक्य बैलाला ताप आला इतक्या सहज बोललं जायचं. डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंप डिझेल दाबण्याऐवजी हवाच दाबत बसतो. हवा दबते, पण इंजेक्टरमधून फवारा उडत नाही. मग पाना घेऊन स्क्रू सैल करायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, घट्ट करायचा. याला हवा काढणं म्हणतात.

विहिरीवरच्या इंजिनात आणि कॅराव्हॅनच्या जनरेटरमध्ये एक फरक मात्र मोठा आहे. विहिरीवरच्या इंजिनाची छोटी टाकी वर बसवलेली असते, डिझेल स्वतःच्या वजनानं खाली येतं. तिथे जोड सैल झाला तर डिझेल ठिबकतं, डाग दिसतो, माणूस ओळखतो. कॅराव्हॅनमध्ये टाकी खाली, चासीला असते आणि पंपाला डिझेल वर ओढावं लागतं. अशा ओढणाऱ्या नळीत जोड सैल झाला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंबही दिसत नाही. म्हणून "गळत तर कुठेच नाही" हा पुरावा पंपाच्या अलीकडच्या नळीबाबत अजिबात चालत नाही.

निम्म्यावर विचारा

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक साधी युक्ती आहे. काल चालत असलेला प्रोग्राम आज बिघडला आणि मधल्या काळात 128 बदल झालेत, तर पहिल्यापासून एकेक तपासत कुणी बसत नाही. 64 वा घेतात. तिथपर्यंत ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. असं निम्मं निम्मं करत गेलं की सात तपासण्यांत दोष हाती लागतो.

डिझेलच्या रस्त्यालाही हेच लावायचं. मधलं ठिकाण म्हणजे फिल्टर. तिथे एकच प्रश्न विचारायचा : इथपर्यंत सलग, बिनबुडबुड्यांचं डिझेल येतंय का? येत असेल तर टाकी, नळी, पंप सगळे निर्दोष, पुढे बघा. येत नसेल तर फिल्टरच्या पुढचं काहीही उघडू नका. दुर्दैवानं रस्त्यावर होतं उलटंच. आधी फिल्टर बदलतात, मग पंप बदलतात, मग बॅटरीवर संशय घेतात. प्रत्येक वेळी नळी उघडल्यामुळे नवी हवा आत जाते, आणि मूळ दोष एक होता तिथे दोन होतात.

उमरग्याजवळची रात्र

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून एक प्रत्यक्ष अनुभव सांगते. गेल्या मे महिन्यात आम्ही सहा जण भाड्याच्या कॅराव्हॅननं तुळजापूरला निघालो होतो. सोलापूर रस्त्यानं जहीराबाद, हुमनाबाद करत उमरग्याच्या अलीकडे पोचेपर्यंत रात्र झाली, म्हणून एका ढाब्याच्या आवारात मुक्काम ठरला. गाडी उभी केली, जनरेटर लावला, एसी सुरू झाला, मुलं झोपली. अकराच्या सुमारास जनरेटरचा आवाज वरखाली व्हायला लागला, दिवे मंद-प्रखर झाले आणि सगळं बंद.

ड्रायव्हर हैदराबादचा, अनुभवी माणूस. म्हणाला, "फिल्टरइच जाम हुआ, मॅडम. नवा है मेरे पास." डिझेलबद्दल विचारलं तर त्यानं गाडीची किल्ली फिरवून दाखवली. गाडीचं इंजिन एका झटक्यात सुरू झालं. "टाकी एकइच है. डिझेल नै तो गाडी कैसे चलती?" बिनतोड वाटावा असा मुद्दा होता.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, औसा तालुक्यातले. उमेदीत विहिरीवरचं इंजिन चालवलेला माणूस. ते खुर्ची टाकून बाहेर बसले होते. म्हणाले, "पोरी, फिल्टर जाम झाला आसता तर त्यो हळूहळू दम सोडला आसता. ह्यानं उचक्या दिल्या. उचक्या दिल्या म्हणजे हवा घेतली."

आत सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. ते आधी रुमालात गुंडाळून, बर्फाला थेट लागणार नाही असं थर्मासमध्ये ठेवलं. ते झाल्यावर घाई उरली नाही आणि डोकं चालायला लागलं. अशा वेळी जे खरोखर नासणार आहे त्याची सोय आधी लावावी, मशीन नंतर बघावं.

मग निम्म्यावरचा प्रश्न. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू दीड फेरा सैल केला, खाली फडकं धरलं आणि ड्रायव्हरनं हातपंप दाबायला सुरुवात केली. नुसता फेस. वीस-पंचवीस वेळा दाबलं तरी फेसच. म्हणजे दोष फिल्टरच्या अलीकडे. नवा फिल्टर डब्यातच राहिला.

आता उरलेल्या अर्ध्याचं अर्धं करायचं : टाकीकडे दोष की पंपाकडे? त्यासाठी टाकीला बाजूला काढून दुसरीकडून डिझेल पाजावं लागतं. ढाबेवाल्यानं आपल्या जनरेटरसाठी ठेवलेल्या कॅनमधलं पाच लिटर डिझेल दिलं. नळीचा प्रश्न मामांनी सोडवला. ढाब्यामागे एका खोलीचं बांधकाम चालू होतं, तिथली गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी त्यांनी मागून आणली. टाकीकडून येणारा पाइप पंपापाशी सोडवला, त्या जागी ही नळी लावली, दुसरं टोक कॅनमध्ये बुडवलं. नळी पारदर्शक असल्यामुळे सगळं डोळ्यांनी दिसत होतं. हातपंप दाबला तसं पिवळसर डिझेल वर चढलं, फिल्टरच्या स्क्रूतून आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. स्क्रू आवळला, किल्ली दिली, दुसऱ्या प्रयत्नात जनरेटर सुरू. दहा मिनिटं चालवला, आवाज एकसारखा.

म्हणजे पंप, फिल्टर, इंजेक्टर सगळे निर्दोष. दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये. तिथे फक्त दोन गोष्टी होत्या, रबरी पाइप आणि टाकीतली उभी नळी. टॉर्च घेऊन पाइप बघितला, क्लिप घट्ट होत्या, कुठे चीर नव्हती. मग उरली ती उभी नळी.

तेव्हा गाडीच्या काट्याकडे लक्ष गेलं. काटा पाव टाकीच्या किंचित वर होता, आणि ढाब्याचं आवार पुढे उतरतं असल्यामुळे गाडीचं तोंड खाली होतं.

पाव टाकीची गोष्ट

कॅराव्हॅनमध्ये गाडीचं इंजिन आणि जनरेटर एकाच टाकीतून डिझेल पितात, पण पुष्कळदा दोघांच्या नळ्या वेगळ्या असतात. गाडीची नळी टाकीच्या जवळजवळ तळापर्यंत जाते. जनरेटरची नळी मुद्दाम आखूड ठेवतात, साधारण पाव टाकी उरेल इतकी. कारण सोपं आहे. रात्रभर एसी चालवून जनरेटरनं सगळं डिझेल संपवलं तर सकाळी गाडी जागची हलणार नाही. म्हणून जनरेटर आधी उपाशी राहतो, गाडी मात्र पंपापर्यंत जाऊ शकते.

म्हणजे ड्रायव्हरचं म्हणणं खरं होतं, टाकीत डिझेल होतं. ते जनरेटरच्या नळीच्या टोकाखाली गेलं होतं. त्यात उतारामुळे डिझेल टाकीच्या पुढच्या बाजूला सरकलं होतं आणि ही नळी होती मागच्या बाजूला. काटा पावाच्या वर असूनही तिचं टोक उघडं पडलं आणि तिनं हवा ओढली. बिघाड कुठेच नव्हता. ज्यानं ती नळी आखूड ठेवली त्याची योजना बरोबर चालली होती, फक्त ती योजना गाडीबरोबर दिलेल्या कागदांत कुठे लिहिलेली नव्हती.

पाइप जागच्या जागी लावला, गाडी पुढच्या पेट्रोल पंपावर नेली, टाकी भरली, पुन्हा एकदा हवा काढली. एकही भाग बदलावा लागला नाही.

जनरेटर बोलतो

त्या रात्री मामांनी जे कानांनी ओळखलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. बंद पडताना जनरेटर कसा वागला यावरून दोष कुठे हे बरंच कळतं.

आधी पॅनेलवरचा दिवा बघा. इंजिन ऑइल कमी किंवा इंजिन गरम झाल्याची खूण असेल तर जनरेटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद झालाय. तिथे डिझेलचा संबंध नाही.

सुरू होऊन एक-दोन मिनिटांत बंद पडतो : नळीत आणि फिल्टरमध्ये होतं तेवढं प्यायला, मागून नवं आलं नाही. कॉक बंद, पंप बंद, किंवा टाकीतली नळी उघडी.

आवाज वरखाली होतो : हवा.

रिकामा छान चालतो, एसी लावला की दबतो : थोडं डिझेल येतंय, पुरेसं येत नाही. फिल्टर तुंबलेला, पाइप कुठेतरी चेपलेला किंवा टाकीचं हवेचं भोक बुजलेलं. डिझेल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती आली नाही तर पंप निर्वातावर ताकद घालवतो. टाकीचं झाकण सैल करून बघा. सुस्कारा ऐकू आला आणि जनरेटर सावरला, तर दोष सापडला.

अजिबात सुरू होत नाही : स्टार्टर फिरत असताना धुराड्याकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आतपर्यंत पोचतंय, पेटत नाहीये. तो वेगळा आजार. काहीच धूर नसेल तर डिझेल पोचत नाहीये. मग किल्ली फिरवल्यावर त्या विजेच्या झडपेचा "टक्" ऐकू येतो का ते पाहा.

स्टार्टर सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये थांबा. आणि इंजेक्शन पंपाच्या पुढच्या पोलादी नळ्यांना हात लावू नका. तिथला दाब इतका असतो की बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. आपलं राज्य फिल्टरपर्यंत, पुढे मिस्त्रीचं.

बंद पडणं परवडतं

त्या रात्री ड्रायव्हरनं आणखी एक सुचवलं होतं : "गाडी का इंजिन चालू रखता, एसी चलता रहता, सो जाओ." त्याला आम्ही ठाम नाही म्हटलं, आणि या सदरातलं दुसरं सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. गाडीतल्या जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असं तपासात निघालं. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. एसी लावलेला म्हणून खिडक्या बंद, म्हणजे आत आलेला वायू बाहेर जायला वाटच नाही.

म्हणून जनरेटर बंद पडला तर ती गैरसोय. खिडक्या उघडा, ओल्या पंचानं अंग पुसा, रात्र निघते. गाडीचं इंजिन चालू ठेवून किंवा जनरेटरचं पत्र्याचं झाकण उघडं टाकून बंद गाडीत झोपणं हा जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म ऑनलाइन मिळतो. दिवाळीच्या एका फराळाच्या खर्चात येतो. गाडी भाड्याची असली तरी अलार्म स्वतःचा न्या आणि झोपायच्या जागेपाशी लावा. जनरेटर नीट चालतोय म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका.

सेलरमधला जनरेटर

2012-13 च्या सुमारास हैदराबादेत रोज ठरलेल्या वेळी वीज जायची आणि सोसायटीच्या जनरेटरला रोज काम असायचं. आता वीज क्वचित जाते, आणि नेमका त्यामुळेच त्याच्या टाकीतलं डिझेल महिनोन्‌महिने पडून राहतं. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतलं पाणी जमतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट बुळबुळीत साका तयार होतो. ज्या दिवशी जनरेटर खरंच लागतो त्या दिवशी तो साका फिल्टरमध्ये जाऊन बसतो. ऑक्टोबर 2020 च्या पावसात शहरात किती सेलर पाण्यानं भरले ते आठवा. हवेच्या भोकातून पाणी टाकीत जायला तेवढं पुरतं.

म्हणून सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तीनच गोष्टी विचारा. टाकीच्या तळाचं पाणी शेवटचं कधी काढलं? जनरेटर महिन्यातून एकदा भार देऊन, लिफ्ट आणि पंप लावून अर्धा तास चालवतात का? फिल्टर बदलल्याची तारीख कुठे लिहिलेली आहे?

गाडी ताब्यात घेताना

आणि उन्हाळ्यात कॅराव्हॅन घेणार असाल तर पैसे देण्याआधी मालकाला हे विचारा :

जनरेटरची नळी टाकीत किती खोल जाते? म्हणजे काटा कुठे आला की जनरेटर बंद पडेल? उत्तर "माहीत नाही" असेल तर पाव समजून चाला आणि मुक्कामाला अर्ध्या टाकीवर थांबा.

फिल्टर, पाण्याची वाटी, हातपंप आणि हवा काढायचा स्क्रू कुठे आहे? बोट ठेवून दाखवायला सांगा आणि मोबाइलवर फोटो काढा.

धुराड्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे? त्या बाजूला खिडकी असेल तर ती कायम बंद. भिंत, ताडपत्री किंवा दुसरी गाडी त्या बाजूला नको.

एसी लावून जनरेटर अर्धा तास चालवून दाखवा. पाच मिनिटं पुरत नाहीत. नळीतल्या शिल्लक डिझेलवर पाच मिनिटं कुठलाही जनरेटर चालतो.

बरोबर काय न्यायचं? योग्य मापाचे दोन पाने, एक जादा फिल्टर, फडकी, टॉर्च आणि दोन मीटर पारदर्शक नळी. शेवटची वस्तू सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. गाडी सपाटीला लावायची, हे तर आलंच.

तुमच्याकडे विहिरीवरच्या इंजिनाच्या काळातलं कुणी असेल तर "हवा कशी काढायचे?" एवढं विचारून बघा. मिळालेली युक्ती मंडळाच्या पत्त्यावर नक्की पाठवा, इथे छापू. पुढच्या महिन्यात घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी : पाणी किती घालायचं, कुठलं घालायचं आणि कधी घालायचं नाही.